१९७८ची पद्मिनी की १९८९ची मारुती ८००? गोव्यात पावसातही चालवायची आहे

डिचोलीकर:

नमस्कार मंडळी. दोन जुन्या गाड्या बघून ठेवल्यात, त्यातली एकच घ्यायची आहे.

पहिली १९७८ची प्रीमियर पद्मिनी, म्हापशाला. जुन्या जीडी मालिकेचा (गोवा-दमण-दीव एकत्र असतानाचा) नंबर, गिअर स्टिअरिंगवर. बाहेरून रंग चकचकीत, नुकताच मारलेला. खालून सगळीकडे काळा रबर पेंट, तोही ताजा. थंड इंजिन लगेच सुरू होतं, पण वीस-पंचवीस किलोमीटर चालवून दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू व्हायला फार वेळ घेते.

दुसरी १९८९ची मारुती ८००, फोंड्याला. चार गिअर, कार्ब्युरेटर, एसी नाही. रंग उडालाय, खालून काही लावलेलं नाही, जे आहे ते दिसतं. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई ओली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की पुढून कटकट आवाज येतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला सांगता येत नाही.

वापर असा: शनिवार-रविवार डिचोली ते पणजी, अधूनमधून नार्वेच्या फेरीबोटीने दिवाडी बेटावर, कधी चोर्ला घाटाने बेळगाव. पावसातही चालवणार. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच सांगतायत. गाडीचं बारीकसारीक काम घरी करता येतं, वेल्डिंग येत नाही. काय बघावं, कुठली घ्यावी?

---

पत्रा_आधी:

इंजिनाचा विचार सध्या बाजूला ठेवा. गोव्यात जुनी गाडी पत्र्यामुळे जाते. इंजिन कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये उघडून बांधता येतं. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा म्हणजे चांगला टिंकर हवा, आणि तसे कारागीर आता मोजकेच उरलेत. या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. तेव्हा खालचा पत्रा गेला म्हणजे सांगाडाच गेला.

पद्मिनीवर ताजा रंग आणि खाली ताजा रबर पेंट, हे दोन्ही एकत्र दिसलं की शंका घ्यायचीच. गंजावर रबर पेंट मारला तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडत राहतो, बाहेरून काळंभोर छान दिसतं. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या कडेवर, दारांच्या तळाशी, हेडलाईटच्या भोवती फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि रबर पेंटचे पोपडे पडतात. पोपडा पडला तिथे मालकाची परवानगी घेऊन टोक दाबून बघा.

पद्मिनीत मुख्य जागा दोन. एक, दाराच्या उंबऱ्याखालची लांब पेटी. दुसरी, मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा हँगर जिथे फ्लोअरला धरलाय ती. तो हँगर सुटत असेल तर मागचा एक्सल जागेवर राहणार नाही, गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालेल. डिक्कीतली चटई, स्टेपनी काढून तळ बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा.

८००चा पत्रा पद्मिनीपेक्षा पातळ आहे, गंज धरला की आरपार जायला वेळ लागत नाही. तिथे बोनेट उघडून पुढच्या शॉकॲब्झॉर्बरचा माथा ज्या गोल पत्र्याला बोल्टने धरलाय तो दोन्ही बाजूंनी बघा. भेगा, फुगवटा किंवा वेल्डिंगचा ठिगळ दिसला तर गाडी सोडून द्या. मग ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या दाराची खालची कडा. ओली चटई सांगितलीत, म्हणजे तळ बघणं आलंच. चटई आणि तिच्याखालचा नमदा पूर्ण उचला.

एक चाचणी दोन्ही गाड्यांवर करा. सपाट जागी चारही दारं उघडून-बंद करून बघा, फटी लक्षात ठेवा. मग जॅक कंपनीने दिलेल्या जागी उंबऱ्याखाली लावून एक बाजू उचला, चाक जमिनीपासून दोन बोटं सुटू दे. आता त्या बाजूचं पुढचं दार उघडून पुन्हा लावा. दार अडकलं, कुलपाची जीभ खाली-वर झाली किंवा वरची फट मिटली, तर बॉडी वाकतेय. जॅकच पत्र्यात घुसायला लागला तर पुढे काही बघायची गरज नाही. हे करताना गाडीखाली जायचं नाही, विरुद्ध बाजूच्या चाकांना ओंडके लावायचे.

आणि शक्य असेल तर भर पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा.

---

सोलेक्स:

वरचं सगळं पटतं. पत्रा पास झाला असं धरून पुढचं लिहितो.

या दोन गाड्यांत वर्षांचं अंतर अकरा असलं तरी रचनेत पिढीचं अंतर आहे. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. आपल्याकडे १९६४मध्ये डिलाईट म्हणून आली, १९७४पासून पद्मिनी या नावाने. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पुशरॉड इंजिन, मागची चाकं ओढणारी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. १९८६नंतरची ८०० म्हणजे ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कॅमशाफ्ट डोक्यावर, पुढची चाकं ओढणारी, पुढे डिस्क ब्रेक. दोन्हींची ताकद चाळीस बीएचपीच्या आसपास, पण पद्मिनी ९०० किलोला टेकते आणि ८०० साधारण ६५० किलोची. चोर्ल्याच्या चढावर चार माणसं बसवली की हा फरक लगेच कळेल.

महत्त्वाचा फरक देखभालीचा. पद्मिनीत झिजणारा भाग ग्रीस देऊन, फट जुळवून टिकवायचा असतो. ८००मध्ये तो बंद असतो, गेला की काढून नवा घालायचा. पद्मिनी घेतलीत तर ग्रीसगन विकत घ्या आणि पुढच्या सस्पेन्शनच्या, किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्या) निपलना दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ग्रीस द्या. पावसाळ्यात किलोमीटर न मोजता महिन्याला द्या. जुनं ग्रीस पाण्यासह बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबायचं. निपलमधून ग्रीस जातच नसेल तर आत वाळलेलं आहे. निपल काढून साफ करा, तेवढ्यासाठी किंगपिन बदलायला जाऊ नका.

घ्यायच्या आधी किंगपिन असे तपासा: पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, नट थोडा आवळून जमेल. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन-बुश गेलेत. ते दाबून बसवून रीमर फिरवावा लागतो, हे घरचं काम नाही.

गिअर स्टिअरिंगवर असल्याने खालच्या दांड्यांच्या बुश झिजतात, मग गिअर शोधावा लागतो. त्यासाठी गिअरबॉक्स उघडू नका, बुश बदलून दांडी जुळवली की काम होतं. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद जुळवणारी रिंग) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. चालत्या गाडीत पहिला टाकताना करकर झाली म्हणून गिअरबॉक्स खराब ठरवू नका.

आता गरम झाल्यावर सुरू न होणं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला आहे, उभी राहिली की इंजिनाची धग पंपाला आणि कार्ब्युरेटरला लागते. पण कारण तीन असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा. गाडी सुरू होईना तेव्हा एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या गळ्यात बघा आणि हाताने थ्रॉटल उघडा. आतली भिंत ओली आणि पेट्रोलचा वास जोरात असेल तर पेट्रोल उकळून सांडलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, स्टार्टर मारा. गळा कोरडा आणि थ्रॉटल उघडूनही धार येत नसेल तर पाईपमध्ये वाफ अडकलीय किंवा पंपाचा पडदा दमलाय. धारही येते, ओलंही नाही, तर प्लग काढून बॉडीला टेकवा आणि ठिणगी बघा. इथे एक काळजी: आधी सांडलेलं पेट्रोल पुसा, कार्ब्युरेटरपासून लांब धरा. ठिणगी पिवळट, अशक्त असेल तर गरम होऊन कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतोय. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.४२ ते ०.४८ मिमी ठेवा, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने), डोळ्याने नाही.

वाफेचा त्रास असेल तर पंप आणि ब्लॉकमधली जाड पॅकिंग शाबूत आहे का बघा, पाईप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर न्या. इलेक्ट्रिक पंप लावायचा असेल तर टाकीजवळ लावा, दाब २ ते ३ पीएसआयचाच. इंजेक्शन गाडीचा पंप लावलात तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल बाहेर वाहील, ती आगीची सरळ वाट आहे. शिवाय इंजिन बंद पडलं की पंपही बंद व्हावा म्हणून ऑइल प्रेशर स्विचमधून जोडणी करून घ्या.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा त्रास दोन्ही गाड्यांना. जुने रबरी पाईप मऊ होतात, आतून सुटतात आणि ते कण जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत) जातात. घेतल्या दिवशीच सगळे पाईप इथेनॉल चालणारे घाला, पंपाचा पडदा बदला. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते आणि तळ गंजतो. इथेनॉलने हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, त्यामुळे प्लग पांढरे दिसले आणि गाडी झटके देत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग पुन्हा बघा, विटकरी-तपकिरी हवा.

---

डिचोलीकर:

खूप आभार. म्हणजे पद्मिनीची किरकोळ कामं घरी होण्यासारखी दिसतायत, पण हात सतत लावावा लागणार. ८००ची कटकट, ओली चटई आणि बेल्ट यांतलं किती गंभीर? आणि फेरीच्या रॅम्पवर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला अडचण येते का?

---

तीन_सिलिंडर:

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारींत मला काळजी फक्त चटईची वाटते.

कटकट हा एक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (वळत्या चाकालाही ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) आवाज. चाकामागे वाकून बघा, रबरी बूट फाटलेला असणार आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं. आपल्याकडची लाल माती आणि पाणी एकदा आत गेलं की जॉइंटच्या गोळ्या आणि खाचा घासल्या जातात. कटकट यायला लागली म्हणजे नुसता बूट बदलून भागत नाही, जॉइंट बदला. दुसऱ्या बाजूचा बूट नुसता भेगाळला असेल तर तो मात्र आत्ताच बदला, जॉइंट वाचतो. ग्रीस मॉलिब्डेनमचं काळं वापरा, बेअरिंगचं साधं नको. कुठल्या बाजूचा गेलाय ते कळायला मोकळ्या मैदानात दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू गोल फिरवा. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक बोलतं.

टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर तो संपलेला समजा. बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही एकत्र बदला, त्याच वेळी पुढचा ऑइल सील आणि वॉटर पंप बघून घ्या, कारण पुन्हा तेवढंच उघडावं लागेल. बसवताना दोन्ही खुणा जुळवून क्रँक पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढ मरते आणि लोक मग उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतात.

चटई: पाणी येतं कुठून ते आधी शोधा. ८००मध्ये तीन वाटा असतात. काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं साचतात आणि पाण्याची भोकं बुजतात. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यात सुटतं. किंवा दाराच्या आतला प्लास्टिकचा कागद फाटलेला असतो. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून मगाने पाणी खालून वर ओतत या: आधी दाराचा तळ, मग जाळी, शेवटी काच. उलट्या क्रमाने ओतलंत तर पाणी सगळीकडे उतरतं आणि काही कळत नाही. गळती बंद करून नमदा उन्हात वाळवा आणि मगच तळाच्या पत्र्याचा निर्णय घ्या. बोटाच्या पेराएवढी दोन-चार भोकं असतील तर ठिगळ मारता येतं. सीटच्या बोल्टजवळचा पत्रा गेला असेल तर घेऊ नका.

८००चं आणखी एक बघा: रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि त्याचा स्विच खाऱ्या हवेत गंजतो. गाडी आयडलवर सोडा. काटा पाऊण भागाच्या वर जाण्याआधी पंखा लागायलाच हवा. लागला नाही तर स्विचची वायर थेट जोडून बघा. तेव्हा फिरला तर दोष स्विचचा, नाही तर मोटर, फ्यूज किंवा अर्थची वायर. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापून वाकलं की गॅस्केट पुन्हा पुन्हा जाते. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतू नका, कूलंट घाला. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरतो म्हणून हा दोष नाही, पण मांडवी पुलावर गर्दीत आयडलला तो हवाही कमीच ओढतो.

फेरीबद्दल. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, त्यामुळे ओल्या रॅम्पवर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीची पकड कमी होते हे खरं. ओहोटीला उतार जास्त असतो तेव्हा पुढच्या गाडीने रॅम्प पूर्ण सोडल्यावरच निघा, पहिल्या गिअरमध्ये एकसारखा ॲक्सिलरेटर ठेवा, मधे थांबू नका. टायर चांगले असतील तर ८०० सहज चढते. पद्मिनीला तिथे पकड चांगली मिळते, चाकंही १४ इंची, ८००ची १२. पण दोन्ही गाड्यांत फेरीच्या आधी हँडब्रेक चढावर धरून बघा. ड्रम ओले झाले की पद्मिनी उशिरा थांबते. पाण्यातून बाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबून शंभर मीटर चालवा, शूज वाळतात.

सुट्या भागांचं: मारुती ८०० बंद झाली २०१४मध्ये, पण तेच ७९६ सीसी इंजिन ओम्नीत २०१९पर्यंत येत होतं. त्यामुळे इंजिनाचे भाग म्हापसा, मडगाव कुठेही मिळतात. पद्मिनीचा बाजार मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर उभा होता आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. पॅकिंग, पॉइंट, ब्रेक रबर अजून मिळतात. काचा, लाईटच्या रिंगा, दाराची हँडल ही मात्र गाडीवर पूर्ण आहेत ना बघूनच किंमत ठरवा.

तुमचा वापर वाचून माझं मत ८००. पावसात, घाटात, शनिवारी सकाळी किल्ली फिरवून निघायचं असेल तर तीच.

---

सोलेक्स:

वापरासाठी ८०० हे मान्य. पण त्यांना हाताने काम करायची आवड आहे आणि पद्मिनीचा पत्रा खरोखर शाबूत निघाला, तर ती सोडू नये असं मला अजूनही वाटतं. शाबूत पत्र्याची ७८ची गाडी गोव्यात पुन्हा मिळणं कठीण. घाट उतरताना चार ड्रमवर भिस्त न ठेवता दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, एवढी शिस्त पाळली की चोर्ल्यालाही जाते.

---

पत्रा_आधी:

कागदपत्रांचं राहिलं. दोन्ही गाड्या १५ वर्षांच्या कितीतरी पुढे गेल्यात, नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं. आरसीवरची वैधता संपलेली असेल तर खासगी मोटारीला उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा बसतात. २० वर्षांवरील मोटारीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झाली आहे. हा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा चॅसी नंबर खरवडलेला किंवा रंगाखाली गेलेला चालत नाही. ताज्या रंगाच्या पद्मिनीत तो आधी शोधून, वायर ब्रशने साफ करून आरसीशी अंक न् अंक जुळवा. इंजिन नंबरही जुळवा, कारण कित्येक पद्मिनींत नंतर डिझेल इंजिन बसवलेली आहेत आणि काहींच्या आरसीवर ते चढवलेलंच नाही.

पद्मिनी २०२८मध्ये पन्नाशी पूर्ण करील आणि व्हिंटेज नोंदणीला पात्र होऊ शकेल, असं विकणारा सांगेल. २०२१च्या नियमांत ती तरतूद आहे, पण व्हीए मालिकेचा तो नंबर घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. शनिवार-रविवारच्या पणजीवारीला तो नंबर उपयोगाचा नाही, आणि इंजिन किंवा बॉडीत मोठा बदल झालेली गाडी त्यात बसतही नाही. त्या नावाखाली जादा पैसे देऊ नका.

कुठलीही घेतलीत तरी जूनच्या आधी हे करा: चाकांच्या कमानीत साचलेली लाल माती ब्रशने काढा, खालून गोड्या पाण्याने धुवा, दारांच्या तळाची आणि उंबऱ्याच्या पेटीची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग पेटीत वॅक्स फवारा. डिचोली-साखळी बाजूची खाणीची धूळ ओली झाली की लेपासारखी बसते, त्यामुळे गणपतीच्या आधी एकदा पुन्हा खालून धुवून घ्या.

---

डिचोलीकर:

या रविवारी चुंबक, टॉर्च आणि जॅक घेऊन आधी म्हापशाला जातो. उंबरा आणि हँगर पास झाले नाहीत तर तिथूनच फोंड्याला. तळाच्या पत्र्याचे फोटो इथे टाकतो, बघून सांगा.